यादीतलं आठवं नाव

२६ फेब्रुवारी

आज दुपारी सव्वातीन वाजता मी खासदारकीला उभी राहिले. भांडी अजून सिंकमध्येच होती.

राज्याच्या राजधानीहून, लिंकनहून, पाच तास गाडी हाकत ब्रँट ऑस्टरहोम नावाचा एक तरुण आला होता. आमच्या पक्षाच्या राज्य कार्यालयात असतो. वय अठ्ठावीस-एकोणतीस, आणि बूट असे चकचकीत की आमच्या हॅरो क्रीक गावच्या चिखलात पाय टाकताना त्याचा जीव खालीवर होत होता.

"मिसेस व्हॉन्ड्रा, या मतदारसंघात पक्षाला अगदी तुमच्यासारखाच उमेदवार हवाय."

"माझ्यासारखा म्हणजे कसा?"

"म्हणजे..." त्याने घड्याळात पाहिलं. "इथे राहणारा."

त्याच्या हातात एक यादी होती. माझ्या नावाच्या वर सात नावं, आणि सातही नावांवर काट मारलेली. म्हणजे सात जणांना बाजूला सारून पक्षाने मला निवडलं! मी तसं बोलून दाखवलं, तर बिचारा कानापर्यंत लाल झाला. विनयी मुलगा आहे.

मी काही पुढारी नाही. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. या भागातल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेक सगळ्यांच्या ताटात मी राजमा-खिम्याची चिली वाढलीय आणि शेजारी दालचिनीचा रोल ठेवलाय. पण गेल्या वर्षी आमच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला, आणि जानेवारीत माझी सून केलिन चौऱ्याऐंशी मैलांवरच्या दवाखान्यात पोचायच्या आत, गुरांच्या लिलावाच्या गोठ्यासमोर, गाडीतच बाळंत झाली. बाहेर बर्फ. माझ्या मुलाने, डर्कने, पोरीला आपल्या कोटात गुंडाळलं. दोघी सुखरूप आहेत. मी मात्र अजून शांत झालेले नाही. आमचे खासदार ग्रेडी थॉर्प अठरा वर्षं वॉशिंग्टनला आहेत. त्यांना मी चार पत्रं लिहिली. उत्तरादाखल त्यांचा फोटो आला.

मी सही केली.

संध्याकाळी मर्ल पवनचक्की दुरुस्त करून घरी आला. माझा नवरा जन्मापासून समोरच्या पक्षाचा. त्याचा बाप आणि आजाही त्याच पक्षाचे.

"मी निवडणुकीला उभी राहिलेय," मी म्हटलं.

"शाळा समितीच्या?"

"वॉशिंग्टनच्या."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग कोंबड्यांकडे कोण बघणार?"

१२ मे

पक्षांतर्गत निवडणूक झाली. माझ्याविरुद्ध कोणीच नव्हतं, तरीही मी सकाळपासून काही खाल्लं नाही. जिंकले. समोरच्या बाजूला थॉर्पना माझ्या चौपट मतं पडली, पण ती त्यांच्या पक्षाची. त्याचा माझ्याशी काय संबंध?

ब्रँटला फोन केला. आता दौरा कधी सुरू करायचा, विचारलं.

"दौरा?" तो म्हणाला. "मिसेस व्हॉन्ड्रा, मतदारसंघ अर्ध्या राज्याएवढा आहे. उन्हाळाही कडक आहे. तुम्ही घरूनच... उपस्थित राहा ना."

किती काळजी करतो. पण घरून उपस्थित कसं राहतात ते मला कळलं नाही. उद्यापासून निघते. मर्लची जुनी गाडी मागितली, तर म्हणाला, "घेऊन जा. उभी राहून गंजतेच आहे." मग पाच मिनिटांनी म्हणाला, "नको. तुला रिव्हर्स येत नाही. मी चालवतो."

९ जून

पहिलं भाषण. धान्य सहकारी संस्थेचा हॉल, चौदा माणसं, त्यातली तीन पंख्याखाली बसायला आलेली. कागदावर लिहून नेलं होतं. 'आदरणीय नागरिकहो' म्हटलं आणि पुढची ओळच दिसेना. चष्मा गाडीत राहिलेला.

मी कागद घडी करून खिशात टाकला आणि केलिनची गोष्ट सांगितली. बर्फ, लिलावाचा गोठा, डर्कचा कोट. बोलता बोलता मला पुन्हा राग आला. वाढताना मुलं दंगा करू लागली की येतो तसला. मी थांबले.

मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. "माझी नात रेल्वे फाटकावर झाली," ती म्हणाली. "फाटक बंद होतं." मग एक बाई म्हणाली, तिची बहीण दिवस भरत आले की दवाखान्याजवळच्या मोटेलात जाऊन राहते, दोन आठवडे, नवरा इकडे गुरांपाशी. एकेक करत सगळेच बोलू लागले. पंख्याखालचे तिघेसुद्धा.

परतताना मर्ल गाडी चालवत होता.

"कसं झालं?" मी विचारलं.

"लांबलं जरा." मग दहा मैलांनी म्हणाला, "चष्मा पुढच्या वेळीही गाडीतच ठेव."

२ जुलै

अजबच झालं. बेली टेबल नावाच्या पठाराकडे आम्ही अजून गेलोच नव्हतो. आज पहिल्यांदा गेलो तर प्रत्येक कुंपणावर माझ्या नावाची पाटी! व्यवस्थित, तारेने आवळून बांधलेली. मी ब्रँटला फोन करून आभार मानले. तो आधी गोंधळला, मग म्हणाला, "हो... प्रयत्न चालू असतात."

मर्लला म्हटलं, "बघ, पक्ष कसा काम करतो ते. तू गेल्या आठवड्यात इथेच पवनचक्की दुरुस्त करत होतास ना? कोणी पाट्या लावताना दिसलं नाही?"

"मी वर होतो," तो म्हणाला. "वरून खालचं दिसत नाही."

२१ जुलै

घात झाला. गुरांचे डॉक्टर लाइल टीडमन अपक्ष उभे राहिले! अर्जाला लागतात म्हणून चार हजारांवर सह्या जमवल्या म्हणे, आणि प्रत्येक सही गोठ्यात उभं राहून घेतली. माणूस चांगला आहे. आमची गाय अडली होती तेव्हा त्यानेच सोडवली. पण म्हणून माझी मतं खायची? थॉर्प नकोत असं वाटणारी माणसं इथे आहेत तरी किती? त्यात आता दोन ताटं मांडायची?

ब्रँटचा फोन रोज येतो आता. आधी महिन्यातून एकदा यायचा. आज माझ्या तब्येतीची फार चौकशी केली. रक्तदाब कसा आहे, गुडघे दुखतात का. "उमेदवारी फार दमवते हो. कोणी थांबलं तर कोणीही नावं ठेवणार नाही." मी सांगितलं, माझे गुडघे ठणठणीत आहेत. त्याचा आवाज का उतरला कोण जाणे.

७ ऑगस्ट

आजचा दिवस सोन्याचा!

टपालातून एक रंगीत पत्रक आलं. गुळगुळीत जाड कागद, त्यावर माझा फोटो. (ओठ कोणीतरी जरा लाल केलेत, पण माझी तक्रार नाही.) खाली मोठ्या अक्षरांत: 'आर्लिस व्हॉन्ड्रा. खरी. आपली. कधीच न झुकणारी.' पाठवणार 'मैदानी मुलखाच्या माताभगिनी'. या समितीचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि बघा, न मागता धावून आल्या. शेजारीपाजारी सगळ्यांकडे आलंय. रेडिओवरही दिवसातून सहा वेळा माझं नाव. त्यात म्हणतात, या मतदारसंघात विश्वास ठेवावा अशी एकच व्यक्ती आहे.

दुपारी त्या समितीच्या फिलिपा रॅन्समबाई स्वतः आल्या. फिक्या रंगाचा सूट, हातात नासपतीची पेटी. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मिसेस व्हॉन्ड्रा, एकच विनंती. काहीही झालं तरी माघार घेऊ नका. ते तुमच्यावर दबाव आणतील."

"ते कोण?"

"सगळेच," त्या म्हणाल्या, आणि घाईघाईने निघाल्या. जाताना आमच्या कोंबड्यांना लांबूनच हात केला.

मर्लने पत्रक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. नासपती मात्र खाल्ली नाही.

१८ ऑगस्ट

सकाळी न्याहारीला बसले तर ताटाशेजारी दोन पाकिटं. एक माझ्या पत्रकांचं, माताभगिनींकडून आलेलं. दुसरं मर्लच्या नावाचं, त्याच्या पक्षाचं. 'खासदार थॉर्प यांना साथ द्या' वगैरे. तसली तीस वर्षं येतात, तो स्टोव्ह पेटवायला ठेवतो.

"काय आहे हे?"

"पाठवणाऱ्याचा पत्ता वाच," मर्ल म्हणाला. "दोन्हींवरचा."

वाचला. तोच टपाल पेटी क्रमांक, तेच शहर, आणि शिक्क्यातलं मधलं अक्षरसुद्धा दोन्हींवर सारखंच पुसट.

मला तरी कळेना. "म्हणजे थॉर्पच्या लोकांना मी आवडते?"

मर्लने कॉफीचा कप खाली ठेवला. "आर्लिस, दोन लांडग्यांना एकच वासरू हवं असेल तर फायदा कोणाचा? तिसऱ्याचा. तू राहिलीस तर टीडमनची मतं फुटतात. म्हणून तुला रंगवतायत." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आमचीच माणसं आहेत ही. मला लाज वाटते."

पन्नास वर्षं ज्या पक्षाला मत दिलं त्याच्याबद्दल हे बोलायला त्याला काय पडलं असेल ते मला कळत होतं. पण तेव्हा माझं लक्ष स्वतःच्याच डोळ्यांतल्या पाण्याकडे होतं. ते पत्रक मी कालच फ्रेम करायला टाकलं होतं.

१९ ऑगस्ट

ब्रँटला बोलावलं. आला. बूट या वेळी साधे होते.

"त्या यादीतल्या वरच्या सात जणांना तुम्ही नाकारलंत की त्यांनी तुम्हाला?"

तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. खोटं बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "त्यांनी आम्हाला. एकाने तर कुत्रा सोडला. मतपत्रिकेवर पक्षाची जागा रिकामी दिसू नये, एवढंच हवं होतं. मिसेस व्हॉन्ड्रा, तुम्ही खरंच प्रचार कराल असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नव्हतं."

"आणि आता?"

"आता टीडमन थॉर्पच्या चार टक्के मागे आहेत. तुम्हाला अकरा टक्के मिळतायत. एक सप्टेंबर ही माघारीची शेवटची तारीख. तुम्ही तब्येतीचं कारण देऊन शांतपणे..."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत!"

"हो," तो म्हणाला. "माहीत आहे."

एकंदरीत दोन्ही पक्षांचं माझ्याबद्दल एकमत आहे, मी जिंकणार नाही. फक्त एकाला मी राहायला हवी, दुसऱ्याला जायला. मी ब्रँटला जेवायला वाढलं नाही. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा केलं. मग तो गाडीपाशी पोचल्यावर हाक मारून डबा दिला. पाच तासांचा रस्ता आहे.

२४ ऑगस्ट

टीडमनला भेटायला गेले. लिलावाच्या गोठ्यात गाभण गाई तपासत होता. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा, आणि हात अर्थातच गाईच्या आत.

"मिसेस व्हॉन्ड्रा, हात मिळवत नाही, माफ करा."

"उपकार होतील."

मी सरळ विचारलं, "मी माघार घ्यावी असं वाटतं का तुम्हाला?"

"वाटतं," तो म्हणाला. "पण मी मागणार नाही. नाव तुमचं आहे, तुम्ही कमावलंय. बेली टेबलमध्ये लोक मला म्हणाले, डॉक्टर, तुम्ही चांगले, पण आम्ही आर्लिसला शब्द दिलाय." गाईला थोपटून म्हणाला, "ही चार महिन्यांची गाभण. पुढची आणा रे!"

"दवाखान्याचं काय करणार?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "गाय अडली की मी साठ मैल जातो. बर्फ असो, काही असो. कोणाला त्यात विशेष वाटत नाही. आणि बाई अडली तर तिने चौऱ्याऐंशी मैल जायचं? माझ्या गाईंची सोय आपल्या लेकीबाळींपेक्षा बरी आहे, मिसेस व्हॉन्ड्रा. हे मला सहन होत नाही."

मी बघतच राहिले. "अहो, मग हे तुम्ही भाषणात का नाही सांगत? मी ऐकलंय तुमचं भाषण. बुटांकडे बघत आकडे वाचता."

"माणसांसमोर जमत नाही मला."

"आणि गाईसमोर जमतं?"

"ती मध्ये बोलत नाही."

२९ ऑगस्ट

खरं ते लिहिते, इथे कोण वाचणार आहे? मला माघार घ्यायची नाही. मी टीडमनपेक्षा चांगली उमेदवार आहे म्हणून नव्हे, तर मला हे सगळं आवडायला लागलंय म्हणून. हॉलमध्ये शिरलं की लोक वळून बघतात ते आवडतं. किराणा दुकानात ओळखतात ते आवडतं. सासष्टाव्या वर्षी माणसाला असं कुठे काय नवं मिळतं?

आज गाडीत मर्लला विचारलं, "मी जिंकले असते का रे?"

"नाही."

"जरा विचार करून सांग."

तो फाटकापाशी उतरला, फाटक उघडलं, गाडी आत घेतली, फाटक लावलं, पुन्हा बसला. "नाही," तो म्हणाला. "पण नाही म्हणायला एवढा विचार करावा लागेल असं मला फेब्रुवारीत वाटलं नव्हतं."

१ सप्टेंबर

शेवटी माघार घ्यायचं ठरवलं, किराणा दुकानात ओळखण्यापेक्षा तो विभाग उघडणं मोठं. ब्रँटचं म्हणणं होतं, माघारीच्या कागदावर सही करा, तो लिंकनला नेतो, संध्याकाळी एक छोटं पत्रक काढू. मी म्हटलं, उभी राहताना कोणाला कळलं नाही, बसताना सगळ्यांना कळणार. माझ्या तीन अटी. सही शाळेच्या जेवणघरात, लोकांसमोर. डॉक्टरच्या प्रत्येक भाषणाचं पहिलं वाक्य बाळंतपणाच्या विभागाबद्दल. आणि नोव्हेंबरपर्यंत ब्रँट लिंकनला परत जाणार नाही, आमच्याबरोबर फिरणार.

"मी काय करणार?" ब्रँट म्हणाला.

"कांदे चिरणार."

दोनशेच्या वर लोक आले. मी चिली केली होती, चार मोठी पातेली. टेबलाशी उभी राहून सगळं सांगून टाकलं. यादी, आठवं नाव, रंगीत पत्रकं, दोन पाकिटं. लोक आधी हसले, मग चिडले, मग पुन्हा हसले. "आता दोन्हीकडचे हुशार लोक म्हणतायत की मी फक्त मतं फोडायच्या कामाची," मी म्हटलं. "ठीक आहे. मग ती जोडून बघते." आणि सही केली.

मागे कांद्यामुळे ब्रँट रडत होता, त्याच्या आडोशाने मीही घेतलं रडून.

रॅन्समबाईंचा फोन आला. "हे तुम्ही काय केलंत!" मी सांगितलं, नासपती गोड होती, मुरंबा केलाय, पाठवू का? त्यांनी फोन ठेवला.

११ सप्टेंबर

हसून हसून पोट दुखतंय. थॉर्पच्या लोकांनी माझी पत्रकं आधीच टपालात टाकून ठेवली होती. शेवटची आणि सगळ्यांत मोठी खेप. मी माघार घेतल्यानंतर चार दिवसांनी ती सगळ्या मतदारसंघात घरोघर पोचली. रेडिओवाल्यांना निरोप द्यायला कोणीतरी विसरलं, त्यामुळे आठवडाभर दिवसातून सहा वेळा तेच चालू: विश्वास ठेवावा अशी एकच व्यक्ती, आर्लिस व्हॉन्ड्रा. आणि ही एकच व्यक्ती गावोगाव फिरून सांगतेय, टीडमनला मत द्या.

आज ऑगलव्हिलला एक शेतकरी माझं पत्रक हातात घेऊन आला. "कधीच न झुकणारी असं लिहिलंय," म्हणाला. "मग झुकलात कशा?"

"झुकले नाही, बाजूला सरकले. कंबरेला बरं असतं."

डॉक्टर अजून बुटांकडेच बघतो. मी आता पहिल्या रांगेत बसते आणि तो खाली बघायला लागला की रवंथ केल्यासारखं तोंड हलवते. त्याला हसू येतं, मान वर होते, आणि मग तो बरा बोलतो.

१७ ऑक्टोबर

थॉर्पच्या बाजूने नवं पत्रक. माझं चित्र, डोक्याला स्वयंपाकघरात लावतो ती केसांची जाळी, हातात दोऱ्या, आणि दोऱ्यांना लटकणारा डॉक्टर. 'टीडमन: स्वयंपाकिणीच्या हातातलं बाहुलं.'

ब्रँटचा चेहरा पडला. "हे लागतं लोकांना. उत्तर द्यायला हवं. मी मुद्दे काढतो."

उत्तर आम्हाला द्यावंच लागलं नाही. संध्याकाळच्या सभेला दारातून पहिल्यांदा आत आल्या त्या गॅरिसनच्या शाळेतल्या दोघी स्वयंपाकिणी. डोक्याला जाळी लावून. मग आणखी पाच. मग तीन गावांहून एक पूर्ण बस. साठ-सत्तर बायका आणि दोन पुरुष, सगळ्यांच्या केसांना जाळ्या, कोणी काही न बोलता पहिल्या चार रांगांत येऊन बसले. एकीने मलाही एक जाळी आणून दिली. "मिसेस व्हॉन्ड्रा, तुम्ही विसरलात."

डॉक्टर व्यासपीठावर चढला आणि त्या जाळ्यांकडे बघून हातातले आकड्यांचे कागद खिशात कोंबले. मग पाऊण तास बोलला. बुटांकडे एकदाही पाहिलं नाही. ब्रँट भिंतीला टेकून उभा होता. मी विचारलं, "हे तुझ्या योजनेत होतं का रे?" तो म्हणाला, "मिसेस व्हॉन्ड्रा, माझ्या योजनेत तुम्हीसुद्धा नव्हतात."

आता त्याला मी अरे-तुरे करते. कांदे छान बारीक चिरायला लागलाय.

३ नोव्हेंबर

मत देऊन आले. मतपत्रिकेवर वरून खाली बोट फिरवलं. थॉर्प. टीडमन. खाली एक रिकामी ओळ, कोणाला दुसरं नाव हाताने लिहायचं असेल तर. माझं नाव कुठेच नाही. मला माहीतच होतं, तरी क्षणभर वाटलं, अरे, मी होते की इथे. मग टीडमनचा गोल काळा केला, चांगला गडद.

मर्ल पलीकडच्या मतदानाच्या कप्प्यात होता. त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. बाहेर आला आणि म्हणाला, "पेन नीट चालत नव्हतं."

५ नोव्हेंबर

दोन दिवस मोजणी. पश्चिमेच्या ग्रामीण काउंट्यांची मतं आली की थॉर्प पुढे, शहरांची आली की डॉक्टर पुढे. आज दुपारी शेवटची पेटी संपली. टीडमन नऊशे सहा मतांनी निवडून आला!

डॉक्टरचा फोन आला तेव्हा तो गोठ्यात होता, मागे गाई हंबरत होत्या. काही बोलायचं होतं त्याला, जमलं नाही. मी म्हटलं, "असू दे. जानेवारीत पहिलं काम काय?" "बाळंतपणाचा विभाग," तो म्हणाला. "विसरलात तर मी वॉशिंग्टनला येईन," मी म्हटलं. "म्हणूनच विसरणार नाही," तो म्हणाला.

टीव्हीवर आमच्या पक्षाचे अध्यक्ष सांगत होते की ही पहिल्या दिवसापासूनची विचारपूर्वक आखलेली रणनीती होती. ब्रँट त्यांच्या मागे उभा होता. ते वाक्य आलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि हळूच डोक्याला हात लावला. मी आणि केलिन एवढ्या हसलो की बाळ दचकून उठलं.

चार वाजता जोलीन हुबरचा फोन. ती आमच्या काउंटीची मतमोजणी बघते. माझ्याकडे पहिलीपासून जेवलीय, हिरवे वाटाणे टाकून द्यायची. "मिसेस व्हॉन्ड्रा, हे कुठे छापून येणार नाही, कारण माघार घेतलेल्यांची मतं धरत नाहीत. पण तुम्हाला कळावं असं वाटलं. आपल्या काउंटीत एकसष्ट जणांनी रिकाम्या ओळीत तुमचं नाव लिहिलंय."

मला आधी काय झालं ते सांगता येत नाही. छाती भरून आली. आणि लगेच हिशोब सुरू झाला. एकसष्ट फक्त आमच्या काउंटीत. बाकीच्या काउंट्यांत किती असतील? नऊशे सहाचं मताधिक्य ते काय! एवढं गावोगाव जाऊन सांगितलं, टीडमनला द्या, टीडमनला द्या, आणि ही माणसं!

मर्ल हात धूत होता. त्याला सांगितलं. "एकसष्ट मूर्ख आहेत या काउंटीत," मी म्हटलं. "एकसष्ट!"

"साठ," तो म्हणाला.

"जोलीन स्वतः म्हणाली, एकसष्ट."

"मला मूर्ख धरू नकोस म्हणजे साठ होतात."

मी टॉवेल हातात घेऊन उभी राहिले. तो नळाखाली हात धरून उभा. पाणी वाहत होतं.

"थॉर्पला देववेना," तो म्हणाला. "टीडमन चांगला आहे, पण... खाली एक ओळ रिकामी होती."

"मर्ल, ते मत मोजत नाहीत हे माहीत होतं तुला?"

"दारावरच लिहिलं होतं."

"आणि तो एका मताने पडला असता तर?"

"तर पडला असता. मी काही टीडमनशी लग्न केलेलं नाही."

मी टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. मग जवळ गेले. नळ बंद केला.

"नाव तरी नीट लिहिलंस ना?" मी विचारलं.

"आर्लिस दोनदा खोडलं," तो म्हणाला. "आडनाव माझंच आहे. ते पाठ होतं."